टेलिफोनताईंनी दोन डेपो जोडले तो दिवस

बस कंपनीत नोकरी करून बस लागणारी बाई म्हणजे टेलिफोनताई. डोंगरापलीकडच्या डेपोत जायचं ठरलं की त्या आदल्या दिवसापासून जेवण टाळतात, खिडकीजवळची जागा धरतात आणि शेवटच्या वळणापर्यंत डोळे मिटून बसतात. कंडक्टर ड्रायव्हरला सांगतो, "ताई आहेत हं गाडीत." गाडीत काचेचं सामान भरलंय हे सांगावं, त्या सुरात. ड्रायव्हर वळणं हळू घेतो.

तरीही गेल्या आठवड्यात ताई डोंगर चढून उतरल्या, पलीकडच्या डेपोतल्या व्हॉइसमेलच्या मशीनमध्ये लागतील ते आकडे भरून आल्या आणि परतल्यावर कंपनीच्या बैठकीत, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "शुक्रवारी दोन्ही मशीन जोडून दाखवते."

वाहतूक अधीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्यासमोर एका बाहेरच्या एजन्सीचा प्रस्ताव होता. टेलिफोनचं सगळं काम एजन्सी घेणार, ताईंची जागा बंद होणार आणि ताई पुन्हा तिकीट खिडकीवर जाणार, असा त्याचा अर्थ होता. साहेब म्हणाले, "ठीक आहे. शुक्रवारी पाचपर्यंत इकडचा निरोप तिकडे पोचला तर एजन्सीला नको म्हणतो. नाही पोचला तर हो म्हणतो."

बैठक संपल्यावर ताईंना आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण तोपर्यंत चहाच्या टपरीवरसुद्धा शुक्रवारचीच चर्चा चालू झाली होती.

तिकीट खिडकी ताईंना चांगली माहीत आहे. नोकरीची सुरुवात तिथेच झाली. गोल भोकातून आत येणारे हात तेवढे दिसायचे, माणूस दिसायचा नाही. तिथून त्या टेलिफोन बोर्डावर आल्या आणि बोर्डावरून जुन्या टेक्निशियनच्या हाताखाली. तो शिडीवर चढला की ताई खालून विचारायच्या, "ही निळी वायर कुठे जाते?" त्याने एकदा वैतागून सांगितलं, "वर येऊन बघा." त्या गेल्या. तो निवृत्त झाला तेव्हा खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली.

ही खोली जिन्याखाली, टायरच्या गोदामाला लागून आहे. आत उभं राहिलं की छताला डोकं लागत नाही, पण लागेलसं वाटतं. रबराचा वास येतो. एका भिंतीवर रंगीत वायरींचे जुडगे, दुसऱ्या भिंतीशी कपाटाएवढं मशीन, आणि मशीन तापू नये म्हणून एक टेबलफॅन. ताई स्वतः घामाघूम होतात, पण फॅनचं तोंड मशीनकडेच असतं.

मशीनचं काम साधं आहे. एखाद्याने फोन उचलला नाही की ते बोलतं, "टूं झाल्यावर निरोप सांगा." निरोप त्या माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. प्रत्येकाची पेटी वेगळी, प्रत्येकाचा नंबर वेगळा. असंच एक मशीन पलीकडच्या डेपोत आहे. पंचाईत इतकीच की या दोघांची ओळख नाही. इकडच्या मेकॅनिकला तिकडच्या मेकॅनिकच्या पेटीत निरोप टाकता येत नाही. फोन लावावा तर दोघांपैकी एक जण नेहमी बसखाली असतो. मग निरोप सांगायचा तिकडच्या ऑपरेटरला, आणि तो टेलिफोनचा माणूस. गाडीत काय बिघडलंय ते इकडून दहा वाक्यांत सांगितलं तरी तिकडे पोचतं एवढंच: "गाडी कण्हतेय म्हणे."

ताईंना या दोन मशीनची गाठ घालून द्यायची होती. एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दोघांनी ठरलेल्या सुरांनी ओळख पटवायची आणि मग निरोप त्याला ऐकवायचा, की त्याने तो आपल्या पेटीत टाकायचा.

शुक्रवारी सकाळी घरातून निघताना सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे माणूस मशीनला सांगणार, मशीन मशीनला सांगणार आणि ते मशीन माणसाला सांगणार?"

"हो."

"आणि हे सोपं?"

"आई, तुम्ही मावशींना निरोप द्यायला मला सांगता, मी ह्यांना सांगते, हे विसरतात. त्यापेक्षा सोपं."

ताईंचे यजमान त्याच डेपोत मेकॅनिक. बुटाची नाडी बांधता बांधता ते म्हणाले, "माझं नाव मध्ये कशाला?"

मुलगी दारात उभी होती. "आई, नाही झालं तर तू खरंच तिकिटं देणार?"

"नाही झालं तर बघू," ताई म्हणाल्या आणि चपला उलट्या पायांत घालून निघाल्या. कोपऱ्यावर गेल्यावर यजमानांनी दाखवून दिलं.

खोली उघडली, फॅन लावला आणि काम सुरू झालं. पलीकडच्या डेपोला ताईंनी आठ हा आकडा दिला. इकडून कुठल्याही पेटीच्या नंबराआधी आठ दाबला की मशीनने समजायचं, हे डोंगरापलीकडचं. मग तिकडचा फोन नंबर भरला. बाहेरची लाइन मिळायला क्षणभर लागतो म्हणून नंबराआधी थोडा थांबा ठेवला. दोन्हीकडे सारखा असायला हवा तो परवलीचा आकडा पुन्हा तपासला. पडद्यावर सगळं हिरवं झालं. ताईंनी रिसीव्हर उचलला, आठ दाबून तिकडच्या मेकॅनिकच्या पेटीचा नंबर दाबला आणि घसा साफ करून म्हणाल्या, "चाचणी. ऐकू येतंय का?"

मशीनने निरोप घेतला. आत कुठेतरी कट् असा आवाज झाला, लाइनचा दिवा लागला. ताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांना बसवेना.

दिवा विझला. पडद्यावर अक्षरं आली: फोन उचलला गेला, ओळख पटली नाही.

"बरं," ताई मशीनला म्हणाल्या. "पहिल्या भेटीत कोणाची पटते?"

मशीन थोड्या थोड्या वेळाने आपणहून पुन्हा प्रयत्न करतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. ताईंनी थांबा वाढवला, परवलीचा आकडा पुसून नव्याने भरला, सूर जोरात केला, हळू केला. दर वेळी दिवा लागे, ताई उभ्या राहत, दिवा विझे, ताई बसत. दारातून जाणारा टायरवाला म्हणाला, "ताई, व्यायाम चाललाय का?"

जेवणाच्या सुट्टीत यजमान डबा घेऊन आले. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. "झालं?"

"नाही. आणि त्या तारेला टेकू नका."

"वर्कशॉपमध्ये सगळे मला विचारतायत. मी सांगितलं, होतंय."

"कशाला सांगितलंत?"

"मग काय सांगू, चपला उलट्या घातल्या म्हणून?"

ताईंनी डबा तसाच बाजूला सरकवला. इथून पुढे पलीकडे जाणारी बस पाचनंतर पोचली असती, म्हणजे तिकडे जाऊन बघणं संपलं होतं. जे काही करायचं ते या जिन्याखाली बसूनच. बोर्डाची लाइन मशीनसाठी मोकळी राहावी म्हणून त्यांनी तिकडच्या ऑपरेटरला ड्रायव्हरांच्या खोलीतल्या जुन्या फोनवर गाठलं.

पलीकडचा ऑपरेटर म्हणजे हॅलोकाका. फोन वाजायच्या आधी ते हॅलो म्हणतात असं ड्रायव्हर सांगतात. अतिशयोक्ती सोडली तरी पहिली रिंग पुरी झालेली त्यांच्या बोर्डावर कोणी ऐकलेली नाही. ड्रायव्हरांच्या खोलीतून हाक गेली आणि काका धापा टाकत आले.

"काका, मशीन ठीक चाललंय ना? दिवे लागलेत?"

"सगळे लागलेत, पोरी. लवकर बोल, माझा बोर्ड उघडा पडलाय."

"बाकी काही वेगळं नाही ना आज?"

काका जरा थांबले. "नाही. काही नाही." आणि ठेवून दिला.

ते थांबणं ताईंना खटकलं. त्यांनी भिंतीवरचा लाइनमनचा फोन काढला. त्याला दोन चिमटे असतात, ते वायरीला लावले की लाइनवर चाललेलं ऐकू येतं. चिमटे लावले, फोन कानाला धरला आणि मशीन पुन्हा प्रयत्न करायची वाट बघत उभ्या राहिल्या. दिवा लागला. नंबर फिरला. रिंग सुरू झाली न झाली तोच काकांचा खणखणीत आवाज आला, "हॅलो! डेपो!"

मशीनने आपला ओळखीचा सूर काढला. टुईंऽऽ.

"आला परत!" काका गरजले. "अरे, शिट्ट्या काय मारतोस! माझ्या वयाचा तरी विचार कर! समोर ये, मग बघतो!" आणि फोन आपटला.

पडद्यावर अक्षरं उमटली: फोन उचलला गेला, ओळख पटली नाही.

ताई खाली बसल्या त्या हसून हसून. टायरवाला धावत आला. त्याला वाटलं ताईंना शॉक बसला.

सकाळपासून चुकत होतं ते हेच. तिकडचं मशीन चौथ्या रिंगला फोन उचलतं, कारण तोपर्यंत माणसाने उचलला नाही तरच मशीनचं काम. ताईंनी हे लक्षात घेऊनच सगळं मांडलं होतं. फक्त हॅलोकाकांच्या बोर्डावर चौथी रिंग कधी होतच नाही, हे माहीत असूनही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि वर्कशॉपमधली पोरं टिंगल करतायत असं धरून बसलेल्या काकांनी सकाळपासून कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

ताईंनी या वेळी सरळ बोर्डालाच फोन लावला.

"हॅलो! डेपो!"

"काका, मी. तुम्हाला शिट्ट्या मारणारा माझा आहे."

"तुझा कोण?"

"माझं मशीन. ते तुमच्या मशीनला हाक मारतंय आणि मध्ये तुम्ही उचलताय."

"मी त्याला काय काय बोललो, पोरी..."

"त्याला काही वाटत नाही. आता एक करा. पुढचा फोन उचलू नका. चार वेळा वाजू द्या."

"चार?"

"चार."

"फोन वाजतोय आणि मी बघत बसू?"

"डोळे मिटा."

पुढच्या फेरीला ताई चिमट्यांवर कान लावून होत्या. पहिली रिंग पूर्ण झाली. ताईंनी मूठ आवळली. दुसरी रिंग अर्धी झाली.

"हॅलो! डेपो! अगं नाही जमत गं!"

त्याच्या पुढच्या वेळी काका तिसऱ्या रिंगपर्यंत तगले आणि उचललाच. मागाहून त्यांनीच फोन केला. आवाज उतरलेला होता, पण बोलणं ठाम होतं. "पोरी, मी हातावर बसलो होतो, खरंच सांगतो. पण मला कसं कळणार वाजतंय ते तुझं मशीन की गाडी बंद पडलेला ड्रायव्हर? बोर्डाला लाइन एकच आहे. डोंगरातून येणारा फोन मी वाजत ठेवणार नाही. तू काय ते दुसरं बघ."

काका म्हणत होते ते खरं होतं.

साडेचारला साहेब आले. जिन्याखाली वाकून आत शिरले आणि उभं राहायला जागा नाही म्हणून रिकाम्या वायरच्या रिळावर बसले. ताईंनी सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

"म्हणजे ऑपरेटर मध्ये येतोय. मग पहिल्याच रिंगला मशीन उचलेल असं करा. इथून करता येतं ना?"

"येतं. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"मग घाटात अडकलेला ड्रायव्हर फोन करील आणि मशीन त्याला सांगेल, टूं झाल्यावर बोला. काका बोर्डावर बसून राहतील आणि फोन त्यांच्यापर्यंत येणारच नाही."

"एजन्सीने हेच सुचवलं आहे, ताई. ऑपरेटरची गरज नाही असंच लिहिलंय."

"मग त्यांनी करावं. मी नाही करत."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ताईंनी घड्याळाकडे बघितलं नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. मशीन सूर काढतं आणि उत्तराची वाट बघतं. किती वेळ बघायची, हा भरायचा एक आकडा होता. कारखान्यातून आला तसाच त्यांनी तो ठेवला होता. ताईंनी तो जाईल तितका वाढवला, सूर पुन्हा पुन्हा काढायला सांगितलं आणि रिसीव्हर उचलला.

"काका, तुम्ही फोन उचला."

"उचलू? नक्की?"

"पहिल्याच रिंगला उचला. माणूस असला तर बोला. शिट्टी आली तर ती लाइन जोडून द्या, आपल्या मशीनच्या नंबराला. एखाद्याला साहेबांचा फोन जोडून देता ना, तसंच."

"एवढंच? अगं, हेच तर मी जन्मभर करतोय!"

"मग आज शिट्टीला करा!"

खोलीच्या दारात आता यजमान, टायरवाला आणि पाळी संपलेला एक कंडक्टर उभे होते. ताई म्हणाल्या, "सकाळचा निरोप पुसलाय. कोणीतरी नवा बोला." सगळे एकमेकांकडे बघू लागले. यजमानांनी हात पँटला पुसले आणि रिसीव्हर घेतला. मशीनने टूं केलं.

"ऐक रे," ते तिकडच्या मेकॅनिकला उद्देशून म्हणाले, "सकाळच्या गाडीचं सांगतो. चढावर दुसऱ्या गिअरला ती असं करते," आणि साहेब रिळावर बसलेत हे विसरून त्यांनी गाल फुगवून, मान हलवून आवाज काढला, "घुर्रर्र, टक्, घुर्रर्र, टक् टक्. उतारावर नाही करत. काय असेल?"

कंडक्टरने तोंडावर हात ठेवला. ताईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि चिमटे लावले. या वेळी त्यांनी लाइनमनचा फोन साहेबांच्याही कानाजवळ धरला. दोघांची डोकी जवळजवळ चिकटली. नंबर फिरला.

"हॅलो! डेपो!"

टुईंऽऽ.

"हां, नमस्कार," काका अदबीने मशीनला म्हणाले. "थांबा हं, एक क्षण, देतो जोडून. लाइन सोडू नका."

"काका!" ताई ओरडल्या. लाइनवर त्यांचं ओरडणं जात नव्हतं, तरी ओरडल्या. "नमस्कार कसला! द्या पटकन!"

टुईंऽऽ. खट्. रिंग. टुईंऽऽ. रिंग. मशीन वाट बघत होतं, बघत होतं, आणि पडद्यावरचा वेळेचा काटा शेवटाला टेकायला आला होता. चौथी रिंग झाली आणि पलीकडून, अगदी बारीक, दुसऱ्या पट्टीतला सूर आला.

तुईं.

"आला!" ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कुजबुजीहून मोठा निघाला नाही.

दोन्ही मशीन एकमेकांशी चिवचिवली आणि मग लाइनवर स्वच्छ ऐकू आलं, "ऐक रे, सकाळच्या गाडीचं सांगतो." घुर्रर्र, टक् टक् डोंगर चढून पलीकडे निघालं होतं. साहेबांनी फोन ताईंच्या हातातून काढून घेतला आणि निरोप शेवटपर्यंत ऐकला. पडद्यावर अक्षरं आली: निरोप पोचला.

कंडक्टरने शिट्टी मारली, दोनदा, गाडी सोडताना मारतात तशी. टायरवाल्याने यजमानांच्या पाठीत थाप मारली. ताईंना काही सुचेना म्हणून त्यांनी फॅनचं तोंड स्वतःकडे वळवलं, आणि लगेच दचकून मशीनकडे केलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "मशीन म्हणतंय पोचला. ज्याला पाठवला त्याने ऐकला का?"

पाचला थोडा अवकाश होता. काकांचा फोन आला, त्यांना बोलायचं होतं, ताईंनी "मागाहून, काका" म्हणून ठेवला. मग इकडच्या मशीनची लाइन, जी तिकडून येणाऱ्या निरोपांसाठी मोकळीच ठेवली होती, तिचा दिवा लागला. सूर आला, त्याला उत्तर गेलं, आणि यजमानांच्या पेटीपुढे तांबडा ठिपका उमटला. ताईंनी निरोप मोठ्या आवाजावर लावला.

"अरे बाबा," तिकडचा मेकॅनिक हसत होता, "गिअरबॉक्स खोलू नकोस. माझ्याकडे एक गाडी गेल्या महिन्यात अगदी अशीच ओरडत होती. चढावर इंजिन मागे रेलतं. इंजिन ज्यावर बसतं तो खालचा रबराचा माउंट गेलाय, तो बघ. आणि तो आवाज परत एकदा काढून पाठव, इथे सगळ्यांना ऐकायचाय."

यजमान "माउंट!" असं म्हणून कपाळावर हात मारत वर्कशॉपकडे पळाले, आणि त्यांच्यामागे कंडक्टरही पळाला, त्याचं तिथे काही काम नसताना.

साहेब उठले. डोकं जिन्याला आपटलं, ते चोळत म्हणाले, "हे एजन्सीवाल्यांना आत्ताच कळवू. तुमच्याच फोनवरून कळवतो." त्यांनी खिशातलं कार्ड काढून नंबर लावला, कानाला धरला आणि बोलायला तोंड उघडून तसेच थांबले. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी ताईंकडे बघितलं. "मशीन आहे."

"मग बोला की साहेब. टूं झाल्यावर."

साहेबांनी खांदे सरळ केले. "मी वाहतूक अधीक्षक बोलतोय. म्हणजे, तुमच्या त्या प्रस्तावाचं, आमच्याकडे ते काम, तसं पाहिलं तर," ते अडखळले आणि पुन्हा रिसीव्हरवर हात ठेवला. "हे बरोबर नाही आलं. बदलता येतं का?"

"कुठलंही बटण दाबून बघा, विचारील ते."

मशीनने विचारलं. साहेबांनी पहिलं बोलणं पुसलं, एकदा खाकरले आणि टूं झाल्याबरोबर म्हणाले, "आमचं जोडलं गेलंय. तुमची गरज नाही." मग जरा विचार करून भर घातली, "ऑपरेटरही राहतोय," आणि फोन ठेवला.